वाळूमाशीच्या सर्वेक्षणात उंचीचा रकाना हवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यापूर्वीच्या साथरोग तयारीची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचली. तीत चांदीपुरा मेंदूज्वराचा आणि तो पसरवणाऱ्या वाळूमाशीचा उल्लेख होता, हे बरे झाले. परंतु त्यापुढे नागरिकांना जे आवाहन केले होते ते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचे, टाक्या आणि रांजण रिकामे करण्याचे व डबक्यांत गप्पी मासे सोडण्याचे होते. आणि शेवटी, डोंगराळ तालुक्यांत या माशीची नोंद नसल्याने तेथे काळजीचे कारण नाही, असे एक वाक्य होते. कीटक समाहारक, म्हणजे रोग पसरवणारे कीटक पकडून नोंदवणारा कर्मचारी, या पदावर माझी नोकरीची बहुतेक वर्षे भिंती आणि गोठे तपासण्यात गेली, म्हणून या दोन्ही गोष्टींबद्दल सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले तर क्षमा असावी.

पहिली गोष्ट सोपी आहे. वाळूमाशी पाण्यात अंडी घालत नाही. तिला हवी असते ती ओलसर, सावलीतली, कुजक्या पाल्याने किंवा शेणाने भरलेली माती. गोठ्याचा कोपरा, पोपडे सुटलेल्या भिंतीचा पायथा, उंदराचे बीळ, झाडाची ढोली अशा ठिकाणी तिची अळी मातीतच खाऊनपिऊन चार अवस्थांतून वाढते आणि तेथेच कोश करते. ऊबदार हवेत अंड्यापासून माशी होईपर्यंत साधारण महिना-दीड महिना लागतो, गारव्यात हा काळ लांबतो, आणि थंड प्रदेशातील काही जातींच्या अळ्या तर अख्खा हिवाळा वाढ थांबवून नुसत्या पडून राहतात. रांजण उपडा केल्याने तिचे काही बिघडत नाही. संध्याकाळी गल्लीतून फिरणारी धूर फवारणी उडत्या डासांसाठी असते. भेगेत बसलेल्या माशीपर्यंत तो धूर क्वचितच पोहोचतो. एवढेच काय, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही ती आत शिरते, कारण आकाराने ती डासाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरची असते. तिच्या नावामुळेही घोटाळा होतो. वाळू म्हटल्यावर लोक नदीचे पात्र किंवा समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणतात. प्रत्यक्षात हे नाव तिला तिच्या फिक्या वाळूसारख्या रंगावरून पडले आहे. गावात तिला वेगळे नावच नसते, ‘चिलट’ म्हणून तिची बोळवण होते.

ज्यांनी ही माशी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहाटे गोठ्यात जावे, जनावरांच्या मागच्या भिंतीवर, जमिनीपासून गुडघा ते छाती एवढ्या उंचीवर बॅटरीचा झोत तिरपा टाकावा. डास असेल तर तो उडून जातो. वाळूमाशी उडून जात नाही. ती तिरप्या, तोकड्या उड्या मारत वीतभर सरकते आणि पुन्हा बसते. बसल्यावर तिचे केसाळ पंख पाठीवर मिटत नाहीत, उघडलेल्या पुस्तकासारखे वर उभे राहतात. ही खूण एकदा ओळखीची झाली की चुकत नाही. तोंडाने ओढायच्या काचेच्या नळीत तिला घेताना श्वास जपून ओढावा लागतो, नाहीतर पाय तुटतात आणि मग जात ओळखणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवण्यासारखे काही उरत नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी मी ओला-कोरडा तापमापक अशाच एका कुडाच्या गोठ्याच्या कोपऱ्यात टांगला होता. बाहेरच्या आणि आतल्या तापमानात आठ-नऊ अंशांचा फरक होता, आणि भिंतीला हात लावला तर ती दमट लागत होती. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही नाजूक माशी जगते कशी, याचे उत्तर मला त्या कोपऱ्यात मिळाले. वेधशाळेच्या आकड्यातला उन्हाळा तिच्या वाट्याला येतच नाही.

येथूनच मूळ मुद्द्याकडे येतो. माशी कोठे असेल हे तापमान, हवेतील आर्द्रता, पाऊस, माती आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांच्या मेळावर ठरते, ही गोष्ट नवी नाही. काळा आजार, म्हणजे लेश्मानिया या परजीवीमुळे होणारा दीर्घ तापाचा रोग, कोण पसरवतो हे ठाऊक नव्हते त्या काळात, गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात, भारतीय वैद्यकीय सेवेतील जॉन सिंटन यांनी आजाराचा नकाशा आणि फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस या वाळूमाशीचा नकाशा ताडून पाहिला आणि दोन्हींचे जुळणे पाहून या माशीवर संशय घेतला. स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ साली स्वयंसेवकांवर प्रयोग करून तो संशय खरा ठरवला. म्हणजे या माशीवरचा पहिला पुरावा भूगोलाचा होता, सूक्ष्मदर्शकाचा नंतरचा. पाठ्यपुस्तकांत पुढे काळ्या आजाराच्या प्रदेशाची लक्षणे ठरून गेली. वर्षभरातील तापमान ७ ते ३७ अंश सेल्सिअस, सरासरी सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांहून अधिक, पाऊस १,२५० मिलिमीटर किंवा अधिक, गाळाची माती, भूजल वर, झाडझाडोरा भरपूर आणि उंची ६०० मीटरपेक्षा कमी. गंगेच्या खोऱ्यातील उत्तर बिहार या वर्णनात तंतोतंत बसतो, कारण हे वर्णन मुख्यतः तेथेच पाहून लिहिलेले आहे. माझी तक्रार या आकड्यांविषयी नाही. ते वर्णन होते, पण आपण त्याचा नियम केला, आणि नियम झाल्यावर ६०० मीटरच्या वर शोधायला जाण्याचे कोणाला कारण उरले नाही.

उंचीने नेमके काय होते? दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. परतवाड्याहून घाट चढून ११०० मीटरवरच्या चिखलदऱ्याला जाताना सुमारे सातशे मीटरची चढण होते, म्हणजे चार-पाच अंशांचा फरक. तो अंगावरच्या स्वेटरला कळतो, तसा मातीतल्या अळीलाही कळतो. वाढ लांबते, वर्षातील पिढ्या कमी होतात, मादीला रक्त पचवून पुन्हा अंडी घालायला अधिक दिवस लागतात आणि तेवढ्या काळात ती मरण्याची शक्यताही वाढते. त्यामुळे चढणीवर माशी विरळ होत जाते हे खरे. पण एका जातीची मर्यादा संपते तेथे थंडीला सरावलेली दुसरी जात सुरू होऊ शकते, हेही तितकेच खरे आहे, आणि ‘वाळूमाशी’ या एका शब्दाखाली आपण अनेक जातींना झाकून टाकतो.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, हवा दमट, उंची नगण्य. तरीही कोकण हा काळ्या आजाराचा प्रदेश नाही. जांभ्या दगडाची जमीन पाणी धरून ठेवत नाही, हे त्याचे एक कारण असू शकते; परजीवी तेथे रुजलेला नाही, हे दुसरे. हवामान दार उघडते, आत कोण येईल हे ते ठरवत नाही. उलट नागपूरकडचा पाऊस ११०० मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळा भाजून काढणारा. काळ्या आजाराच्या तक्त्यात हा प्रदेश नापास व्हावा. पण चांदीपुरा विषाणूचे नावच नागपूरजवळच्या गावावरून पडले आहे. १९६५ साली तेथील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तो वेगळा केला. पुढे तो वाळूमाश्यांतही सापडला. ज्या जातींवर त्याच्या प्रसाराचा संशय आहे त्यांत फ्लेबोटोमस पापाटासी आणि सर्जेंटोमायिया प्रजातीतील माश्या येतात, आणि या जाती कोरड्या मुलखातही तग धरतात. राजस्थानच्या बिकानेर भागात तर पापाटासी वाळवंटी उंदरांच्या बिळांच्या आश्रयाने राहते, कारण वर वाळू भाजत असली तरी बिळात गारवा आणि ओल टिकून असते. तेथे त्वचेचा लेश्मानिया, म्हणजे त्याच गटातल्या परजीवींमुळे त्वचेवर व्रण होण्याचा आजार, आढळतो.

२००३ साली आंध्र प्रदेशात चांदीपुऱ्याची जी साथ आली तीत ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली. त्याच वर्षी महाराष्ट्रातही रुग्ण होते. २०२४ च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले, त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा निश्चित झाला आणि त्यांतले ६१ गुजरातचे होते. ताप, उलटी, झटके आणि दोन दिवसांत बेशुद्धी असा या आजाराचा वेग आहे. लस नाही, विषाणूवर खास औषध नाही. अशा आजारात माशी कोठे आहे हे आधी माहीत असणे, एवढीच एक गोष्ट आपल्या हातात राहते.

आता त्या ‘डोंगराळ तालुक्यांत काळजी नाही’ या वाक्याकडे वळतो. हिमाचल प्रदेशात सतलजच्या खोऱ्यात, किन्नौर आणि त्याच्या खालच्या शिमला व कुलू जिल्ह्यांच्या भागांत, गेल्या दोन-अडीच दशकांत त्वचेच्या लेश्मानियाचे शेकडो रुग्ण आढळले आहेत, आणि त्यांची गावे सुमारे ९०० ते २,९०० मीटर उंचीवर आहेत. तेथे संशय फ्लेबोटोमस लाँगिडक्टस या दुसऱ्याच जातीवर आहे. आश्चर्य असे की, त्यांतल्या बऱ्याच रुग्णांत सापडलेला परजीवी लेश्मानिया डोनोव्हानी, म्हणजे बिहारच्या सपाटीवर काळा आजार करणाराच निघाला. नेपाळमध्येही काळा आजार हा तराईचा, म्हणजे डोंगरपायथ्याच्या सपाट पट्ट्याचा, आजार समजला जात होता. ओखलढुंगा आणि भोजपूर या पूर्वेकडील डोंगरी जिल्ह्यांत जे रुग्ण सापडले, ते तराईतून आजार घेऊन आले असावेत असे पुष्कळ दिवस धरून चालले. तपासणी झाली तेव्हा स्थानिक संसर्गाचा पुरावा मिळाला. केरळमध्ये अगस्त्यमलाईच्या जंगलातील काणी आदिवासींच्या वस्त्यांतही त्वचेचा लेश्मानिया आढळतो. पश्चिम घाटाच्याच त्या टोकाची ही गोष्ट असल्याने आपल्याकडच्या डोंगरांबद्दल बोलताना ती आठवणीत ठेवलेली बरी.

हे कसे घडते, याचा अर्धा भाग घरांच्या बांधणीत आहे. हिमालयातील जुन्या घरांत तळमजल्यावर गुरे आणि वर माणसे राहतात. खालच्या मजल्यावर शेण, चारा आणि जनावरांची ऊब. बाहेर बर्फ असले तरी आतली हवा कित्येकशे मीटर खालच्या गावासारखी. नकाशावर ते घर २,००० मीटरवर असते, माशीच्या हिशेबाने ते बरेच खाली असते. आपल्या मेळघाटातही घराला लागून गोठा असतोच. दुसरा भाग तापत्या हवेचा आहे. वर दिलेला साडेसहा अंशांचा हिशेब उलटा केला तर सरासरी तापमान एका अंशाने वाढल्यावर तीच हवा डोंगरावर सुमारे दीडशे मीटर वर सरकते. माशी लगेच तेवढी वर जाईल असे कोणी म्हणू नये. तिला माती, ओल आणि रक्तही लागते, शिवाय ती फार लांब उडत नाही. पण ६०० मीटर हा आकडा ज्या काळी लिहिला गेला तो काळ आणि आजचा काळ हवेच्या दृष्टीने एक नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

उंचीला खालचीही सीमा असू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पेरू देशात अँडीज पर्वताच्या दऱ्यांत कॅरिऑनचा आजार म्हणून एक वाळूमाशीजन्य रोग आहे. १८८५ साली दानिएल अल्सिदेस कॅरिऑन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने तो स्वतःला टोचून घेतला आणि त्यातच त्याचा अंत झाला. आजाराला नाव त्याचेच आहे. हा रोग साधारण ५०० ते ३,२०० मीटर या पट्ट्यातच आढळत असे. खाली किनाऱ्याचे कोरडे वाळवंट, वर कडाक्याची थंडी आणि मधल्या दऱ्यांत माशी. १९१३ साली चार्ल्स टाउनसेंड या कीटकशास्त्रज्ञाने याच पट्ट्याचा धागा पकडला. संसर्ग रात्री होतो, ठरावीक उंचीतच होतो, मग त्या उंचीत रात्री चावणारा कीटक कोणता, असे विचारत तो वाळूमाशीपर्यंत पोहोचला. आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे. उंचीचा प्रश्न विचारून माशी शोधण्याऐवजी आपण उंची पाहून शोध थांबवतो.

उंचीचा हा घोळ भिंतीवरही होतो. काळ्या आजाराच्या कार्यक्रमात घरातील भिंतींवर सहा फुटांपर्यंत औषध फवारतात, कारण माशी त्याच्या वर फारशी बसत नाही असे धरलेले आहे. घरापुरते ते बरोबरही आहे. पण बिहारमध्ये ताडाच्या शेंड्यापाशी लावलेल्या सापळ्यांतही अर्जेंटिपेस मिळाल्याची नोंद आहे, तेव्हा घराबाहेर तिची वस्ती किती आणि कोठे, हे ठामपणे सांगताना जपून बोलावे. याच बिहारने आणखी एक धडा दिला आहे. हिवतापासाठी पन्नास-साठच्या दशकांत डीडीटी फवारले गेले, त्यात वाळूमाशीही मेली आणि काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली आणि सत्तरच्या दशकात तो मुजफ्फरपूर, वैशाली भागांत परतला. १९९२ साली देशात ७७ हजारांहून अधिक रुग्ण होते. आज तो आकडा काही शेकड्यांवर आला आहे, आणि त्यामागे घरोघर जाऊन रुग्ण आणि माशी शोधणाऱ्या माणसांचे श्रम आहेत.

माझ्या नोकरीच्या काळात आमच्या छापील पत्रकात डासांच्या जातींसाठी रकाने होते, वाळूमाशीसाठी नव्हता. ती मिळालीच तर ‘इतर’ मध्ये लिहायची. गावाचे नाव, घर क्रमांक, वेळ हे सर्व होते, पण उंचीचा रकाना नव्हता, भिंत मातीची की विटांची याचा नव्हता, ओलाव्याचाही नव्हता. पकडण्याची मोहीम रुग्ण सापडल्यावर त्याच्या गावी निघायची आणि पंधरा दिवसांत संपायची. रुग्ण सपाटीवर सापडायचे, म्हणून नळी घेऊन आम्ही सपाटीवरच फिरायचो, आणि वर माशी नाही असा अहवाल जायचा. न पाहिलेल्या जागी न सापडलेल्या माशीचा तो अहवाल होता. संपूर्ण तालुक्याला ‘डोंगराळ’ म्हणून मोकळे करणारे वाक्य बातमीत येते ते अशाच अहवालांतून येत असावे, असे मला वाटते.

म्हणून आरोग्य यंत्रणेकडे माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक घाटरस्त्यालगत पायथा, मधली चढण आणि माथा अशी तीन-चार ठरलेली गावे निवडून तेथे वर्षभर, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही, दर महिन्याला एकदा प्रकाशसापळे लावावेत. गोठ्याच्या आतले तापमान आणि आर्द्रता त्याच दिवशी नोंदवावी. मिळालेल्या माशीची जात ओळखली जावी, कारण जातीशिवाय नुसती संख्या फारशी उपयोगाची नाही. पावसाळ्यापूर्वीच्या आवाहनात कोरड्या दिवसाच्या जोडीला गोठ्याच्या भिंतींच्या भेगा लिंपणे, शेणखताचा ढीग घरापासून लांब हलवणे, लहान मुलांना जमिनीवर उघडे न झोपवणे आणि बारीक जाळीची किंवा औषध लावलेली मच्छरदाणी वापरणे, हेही सांगावे. यासाठी नवीन पदे लागतील असे नाही. रिकामी असलेली भरली तरी पुष्कळ झाले.

पत्रकात नवा रकाना वाढवण्यासाठी वरून आदेशाची वाट पाहावी लागत असेल, तर तोवर ‘शेरा’ या रकान्यात गावाची उंची लिहिण्यास कोणाची हरकत नसावी. हल्ली ती हातातल्या मोबाइलवरही दिसते. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या दोन वर्षांत मी तेच करत होतो. माझ्या त्या नोंदींतले सर्वांत उंच गाव ४६० मीटरवरचे आहे, कारण त्याच्या वरच्या एकाही गावी आम्हाला पाठवले गेले नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त कीटक समाहारक,
विदर्भ